पठाराला हवं होतं टोक

डोंगर एकमेकांशी बोलायचे, तेव्हाची गोष्ट. शेजारचा सुळका सपाट पठाराला रोज चिडवायचा, “काय रे, तुझं डोकं कुणी पोळपाटावर लाटलं का?”

रडकुंडीला येऊन पठार म्हणालं, “वारेदादा, मला घासून टोक काढून द्या.”

वारा घासायला लागला, तशी पठारावरच्या डबक्यातली बेडकी ओरडली, “अरे मेल्या, थांब! उतार झाला तर पाणी वाहून जाईल. माझी पिल्लं कुठं पोहतील?”

पठाराने घाबरून वाऱ्याला थांबवलं.

सुळका हसला. “बेडकीबाई, त्यापेक्षा माझ्या डोक्यावर या राहायला!”

“येते की भाऊजी, पण पोरांना निजवू कुठं?”

तेवढ्यात सुळक्याच्या टोकावर टेकलेला पारवा घसरून थेट डबक्यात पडला.

पिल्लं म्हणाली, “आई, हा पण इथंच राहणार?”