फळीवरचं नाव

"बाबा, विश्वास कुणाच्या शब्दावर ठेवायचा? सेक्रेटरीच्या की वकिलाच्या?"

मन्मथअप्पा शेटकार एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायातला बूट काढत होते, आणि त्यातच हे विचारत होते. सिमेंट-पत्र्याचे व्यापारी. एका वेळी एकच काम करणं त्यांना तोट्याचं वाटे.

लतीफबाबांनी बूट घेतले, फडक्यानं पुसले, फळीवर ठेवले. टेकडीवरच्या दर्ग्याच्या पायथ्याशी चाळीस वर्षं ते लोकांची पादत्राणं राखत आले होते. स्वतः मात्र अनवाणी. वरच्या दर्शनाइतकीच माणसं खालच्या या म्हाताऱ्याला दोन शब्द विचारायला येत.

"दोघं काय म्हणतात?"

"काकांचा लातूरला फ्लॅट होता. नॉमिनी म्हणून त्यांनी माझं नाव दिलेलं. काका गेले. आता सेक्रेटरी म्हणतो, नॉमिनी तुम्ही, सोसायटीच्या दाखल्यावर नाव तुमचं चढलं, फ्लॅट तुमचा. वकील म्हणतो, नॉमिनी म्हणजे नुसता सांभाळणारा. घर वारसाचं."

"वारस कोण?"

"मुलगी. नंदा. एकुलती एक. निलंग्याला शिवणकाम करते, भाड्याच्या खोलीत राहते."

"मग अडलं कुठं?"

"अडलं नाही. वकीलच म्हणाला, तिचं नाव लावून घ्या, मग तिनं तुम्हाला बक्षीसपत्र करून दिलं की प्रश्न मिटला. कागद तयार आहेत. उद्या सह्या." त्यांनी काखेतल्या पिशवीवर थाप मारली. "फुकट नाही घेत, बाबा. काकांचा दवाखाना मी केला. चौदा महिने. लेक शिलाई सोडून किती दिवस येणार? फ्लॅटमधला भाडेकरूसुद्धा मीच सांभाळतोय. भाडं देतो वेळेवर, पण नळ गळला की फोन मलाच."

"कशाची सही, ते तिला सांगितलंस?"

मन्मथअप्पांनी मोजे खिशात घातले.

"सही लागते... एवढं सांगितलं."

बाबांनी पत्र्याचा बिल्ला पुढे केला. एकतीस नंबर.

"जा. वर जाऊन ये."

*

मन्मथअप्पा खाली आले, तेव्हा बाबा पायरीपुढे येरझाऱ्या घालत होते. पायात मन्मथअप्पांचे बूट.

"बाबा... ते माझे आहेत."

"होते."

मन्मथअप्पा हसले. बाबा हसले नाहीत.

"तू तुझ्या हातानं माझ्याकडे दिलेस. विचार काशीबाईला."

शेजारी हार ओवत बसलेली फुलवाली मान वर न करता म्हणाली, "दिले की. मी बघितलं. पुसूनसुद्धा घेतले."

"हा बघा बिल्ला."

"फळीवर नाव कुणाचं आहे, वाच."

फळीवर निळ्या रंगात, हातभर लांब अक्षरांत लिहिलं होतं: लतीफ.

"अहो, नाव तुमचं असेना. मी सांभाळायला दिले होते..."

बाबा थांबले. मन्मथअप्पाही थांबले.

काशीबाईची सुई तेवढी चालू होती.

"चाळीस वर्षं सांभाळतोय," बाबा म्हणाले. "ऊन खातो, धूळ खातो. मला काही नको? पण तुझ्याशी वाद नको. बूट बक्षीस दिले असं लिहून दे. स्वखुशीनं, कुणाच्याही दबावाशिवाय."

"बाबा..."

"वाचत बसू नकोस. नुसती सही लागते."

काशीबाई पदर तोंडाला लावून हसली. "घाला हो सही, शेठ. काय जातंय तुमचं?"

मन्मथअप्पांचे पाय दगडावर भाजत होते. ते एकदा या पायावर, एकदा त्या पायावर होत राहिले.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"अण्णा," पलीकडून नंदाचा आवाज आला. मागं शिलाई मशीन चालू होती. "उद्या कितीच्या गाडीनं येऊ? एक लग्नाचं ब्लाउज आहे, ते देऊन निघते. आणि सहीला पेन आणायचा का माझा?"

मन्मथअप्पांनी बाबांच्या पायांकडे पाहिलं.

"आण," ते म्हणाले. "पण उद्याचा कागद बदललाय, नंदे. तुझ्या आबांचा फ्लॅट तुझ्या नावावर करायचा अर्ज आहे. तेवढाच. दुसरी सही नाही. आणि हे बघ... मी पुढं केला म्हणून कुठलाच कागद न वाचता सही करायची नाही. तुमच्या शेजारच्या मास्तरांना दाखव आधी."

मशीन थांबली.



"फ्लॅट माझाच, असं आबाही म्हणायचे," नंदा म्हणाली. "मी विचारलं होतं त्यांना, माझं नाव का नाही घातलं म्हणून. म्हणाले, अण्णाच्या नावानं ठेवलंय. म्हणजे तुझं कुठं जात नाही."

फोन बंद झाला. मन्मथअप्पा तापल्या पायरीवर तसेच बसले.

"काका मला हे कधी बोलले नाहीत, बाबा. चौदा महिने उशाशी होतो..."

"गरज वाटली नसेल."

मन्मथअप्पांनी चष्मा काढून पुसला. मग उठले आणि बाबांच्या पाया पडायला वाकले. हाताला लागली ती आपल्याच बुटांची नाडी.

बाबांनी बूट काढले. पुसले. टाचा पायरीकडे, तोंड रस्त्याकडे करून ठेवले.

"काय देऊ, बाबा? आज तुम्ही मला राखलंत." मन्मथअप्पांनी पाचशेची नोट पुढे केली.

"दोन रुपये. बुटांची राखणावळ तेवढीच आहे."

दोन रुपयांचं नाणं काशीबाईकडून उसनं घ्यावं लागलं. "उद्या आणून द्या," ती म्हणाली. "नाहीतर बूट ठेवून घेईन."

मन्मथअप्पांनी पिशवीतून बक्षीसपत्राचा मसुदा काढला. चार पानं. फाडायला हात गेला, आणि अडला. मागची बाजू कोरी होती. कोरा कागद फाडायची त्यांना सवय नव्हती.

"आणि बाबा..." त्यांनी हळूच विचारलं. "त्या चौदा महिन्यांची राखणावळ?"

"ती माग. हक्कानं माग," बाबा म्हणाले. "तोच कागद उलटा कर. दवाखान्याला गेलं ते लिही. भाडं आलं तेही लिही. हिशेब खरा ठेव, बेटा... फळीवर नाव तुझं आहे."