दोन तवे, एक धूर

फार पूर्वी कोरिया देशात, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात मोठा बाजार भरत असे. सुकी मासळी, लाल मिरच्या, रेशमाचे तागे, मातीचे रांजण, काय हवं ते तिथे मिळे. पण लांबून आलेली माणसं खरेदी आटोपली की एकाच गल्लीत शिरत. तिथे जात्यावर दळलेल्या मुगाची जाड, खमंग धिरडी मिळत. ती गल्ली कुणाला विचारावी लागत नसे. वासावरूनच माणसं येत.

गल्लीत दोघी धिरडीवाल्या शेजारी शेजारी बसत. एक म्हातारी, एक तरुण. गल्लीची रीत अशी, की एखादी कामासाठी उठली तर तिचा तवा शेजारणीने सांभाळायचा. धिरडं उलटायचं, गिऱ्हाईक आलं तर विकायचंही.

हिवाळा तोंडावर आला तेव्हा बाजाराचा मुखिया म्हणाला, "नव्या छपराखाली एकाच चुलीपुरती जागा आहे. आज जिचं पीठ आधी संपेल, तिला ती मिळेल."

तरुणीचा जीव त्या जागेत अडकला. गेल्या हिवाळ्यात बर्फाने तिची चूल पुन्हा पुन्हा विझवली होती, आणि घरी लेकरं उपाशी झोपली होती.

दुपारी गर्दी ऐन भरात असताना म्हातारी उठली. "पोरी, तेल संपलं गं. घाण्यावरून घेऊन येते. तवाभर धिरडी घातली आहेत, उलटशील ना?"

"जा की आजी. त्यात विचारायचं काय?"

म्हातारी गेली. तरुणीने उलथनं उचललं. तेवढ्यात तिची नजर शेजारच्या पातेल्यात गेली. म्हातारीचं पीठ तिच्या स्वतःच्या पिठापेक्षा कितीतरी कमी उरलं होतं. तिने उलथनं हळूच खाली ठेवलं.

'मी कुठे काही करतेय?' ती स्वतःशी म्हणाली. 'मी तर नुसती बसलेय.'

धिरडी तपकिरी झाली, मग काळी. धूर गल्लीभर पसरला.

तेवढ्यात खरेदीची गाठोडी घेतलेलं एक जोडपं गल्लीच्या तोंडाशी आलं आणि तिथेच थबकलं.

"इथं करपलंय काहीतरी," नवरा म्हणाला.

"काका, इकडे या! माझी बघा, कशी सोनेरी आहेत!" तरुणी ओरडली.

"असतील बाई. पण या धुरात दिसणार कशी?"

"चला हो," बायकोने नाकाला बाही लावली. "सणाचं नवं कापड घेतलंय, त्याला वास लागेल. शेवयांच्या गल्लीत जाऊ."

त्यांच्यामागून आलेलेही तिकडेच वळले. गल्ली ओस पडली. तरुणीची सोनेरी धिरडी तव्यावरच गार झाली.

म्हातारी तेल घेऊन धापा टाकत आली. तिने तवा पाहिला, आणि घाईने तरुणीचे हात हातात घेतले. "भाजलं का गं तुला?"

तरुणीला तिच्याकडे बघवेना. "नाही आजी. मी... उलटलीच नाहीत."

म्हातारीने तेलाचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "तवा घास आधी. भांडू मग."

दोघींनी मिळून तवा घासला. पुन्हा तेल तापलं, कांद्याची पात चुरचुरली. चार माणसं आली, पण गर्दी काही परतली नाही. संध्याकाळी मुखिया आला, तेव्हा दोन्ही पातेल्यांत पीठ उरलेलं होतं.

"कुणाचंच संपलं नाही. आता जागा कुणाला देऊ?"

"आजीला द्या," तरुणी म्हणाली. "तिची धिरडी मी करपू दिली."

बर्फ पडू लागलं. म्हातारी छपराखाली बसे, तरुणी उघड्यावर. सर्वांत कडक थंडीच्या दिवशी म्हातारीने तिला हाक मारली.

"पोरी, तेल आणायला निघालेय. तुझं पातेलं घेऊन इथंच येऊन बस. माझी धिरडी उलटशील ना?"

तरुणीने आपलं पातेलं उचललं. ती येऊन उबदार चुलीशी बसली आणि तिने उलथनं घट्ट धरलं.

म्हातारी त्या दिवशी सर्वांत लांबच्या घाण्यावर गेली.

तात्पर्य: शेजाऱ्याचं करपत असताना नुसतं बसून राहणं म्हणजेही जाळणंच, आणि तो धूर आपल्या दारात येतोच.