विहिरीतली शीर

एका डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं. ते सोन्यासाठीच वसलं होतं. डोंगरात सोन्याची शीर सापडली, तशी दूरदूरची माणसं पहारी घेऊन आली. खाण खोल गेली, घरं वाढली, बाजार भरू लागला. पुढे एके दिवशी शीर खडकात हरवली ती पुन्हा सापडलीच नाही. बाजार उठला. माणसं पांगली. ज्यांना दुसरीकडे जाववेना अशी अकरा घरं तेवढी मागे राहिली. खडक फोडण्यावाचून त्यांना काही येत नव्हतं. म्हणून ती आसपासच्या वाड्यांना विहिरी खणून देऊ लागली.

त्यांच्यात रखमाजी सर्वांत वडील. संध्याकाळी तो बंद खाणीपाशी दगडांच्या ढिगावर बसे. खाणीतून भिजून वर येणारी माणसं, त्यांची गाणी, बाजारातल्या कासाराची आरोळी, सगळं त्याला आठवे. "डोळे मिटायच्या आत एकदा शीर दिसावी," तो म्हणे. "गाव पुन्हा भरेल."

एकदा खालच्या वाडीची साळूबाई त्याच्याकडे आली. म्हणाली, "तात्या, तुमची खाण खोल गेली नि आमचा झरा आटला. आम्ही कधी बोललो नाही. आता दोन कोसांवरून पाणी वाहून बायकांच्या माना मोडल्या. एवढी विहीर खणून द्या."

रखमाजीची मान खाली गेली. "पाणी लागेपर्यंत हलणार नाही," तो म्हणाला.

त्या वाडीत पाणी लागेल अशी एकच जागा होती. रखमाजी आणि त्याचा पुतण्या म्हादू तिथे खणू लागले. सात पुरुष खोल गेल्यावर खडक ओलसर झाला. त्याच दिवशी म्हादूच्या छिन्नीखाली पांढरी गारगोटी फुटली आणि तिच्यात पिवळी रेघ चमकली. रेघ आडवी डोंगरात शिरली होती.

"तात्या, शीर!" म्हादू कुजबुजला. "आता आडवंच खणू. विहीर राहू दे. खाली पाणी फुटलं तर शीर बुडेल, मग सहज हाती येणार नाही."

रखमाजीने रेघेवर हात ठेवला. त्याचे डोळे भरून आले. भरलेला बाजार त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. बराच वेळ त्याला तो हात काढवेना.

इतक्यात वरून साळूबाईने विचारलं, "तात्या, ओल लागली का हो?"

रखमाजीने वर पाहिलं. काठावर बायका ओणवून उभ्या होत्या.

"लागली, बाई!" तो म्हणाला. मग म्हादूकडे वळला. "सुरुंग खाली भर."

वात पेटवून दोघे वर आले आणि सुरुंग उडाला. पाणी उसळून वर आलं आणि शीर त्याच्याखाली गेली.

म्हादूला ते सोसलं नाही. त्याने गावात सगळं सांगून टाकलं. लोक रखमाजीवर धावून आले. "गाव पुन्हा वसलं असतं! तुम्हीच ते बुडवलंत!"

"तुमच्याहून जास्त मलाच ते हवं होतं," रखमाजी म्हणाला. "पण मी तिथं सोनं शोधायला उतरलो नव्हतो."

कोणी ऐकलं नाही. विहीर उपसून शीर काढायची, असं ठरवून दहाबारा जण पहारी घेऊन भर उन्हात वाडीला गेले. म्हादू पुढे होता.

विहिरीवर बायका पाणी शेंदत होत्या. पोरं अंगावर पाणी उडवून घेत होती. साळूबाईने गावकऱ्यांना येताना पाहिलं. ते कशाला आले, हे तिला ठाऊक नव्हतं. ती भरली घागर घेऊन लगबगीने सामोरी आली. "या, या. विहीर तुमच्याच हातची. आधी तुम्ही प्या."

म्हादूने पहार खाली ठेवली आणि ओंजळ पुढे केली. एकामागून एक सगळेच प्याले. विहीर उपसायची गोष्ट कोणी काढली नाही.

घरी परतल्यावर म्हादू रखमाजीशेजारी येऊन बसला. म्हणाला, "तात्या, पाणी गोड आहे."

तात्पर्य: सरलेल्या वैभवाची ओढ मनात जरूर असावी, पण ते परत आणण्यासाठी दुसऱ्याच्या तोंडचं पाणी हिरावून घेऊ नये.