ज्ञानशाळेचा कळस

“जगात जाणायचं होतं ते सगळं जाणून झालं!” असं तुंगारगडच्या उदाजीमहाराजांनी जाहीर केलं आणि ज्ञानशाळेवर सोन्याचा कळस चढवायचा हुकूम सोडला. दरबारच्या पंडितांनीच तशी ग्वाही दिल्यावर राजाला आणखी काय हवं? पण परांचीवर उभा असलेला रखमाजी गवंडी नको ते बोलून गेला, “सगळं? खरंच?”

झालं! रखमाजीची रवानगी थेट कोठडीत.

दुसऱ्या दिवशी त्याची लेक भागू दरबारात हजर. पोरीची जीभ कच खाणारी नव्हती.

“माझ्या आबाला सोडा, महाराज!”

“सोडतो की! आमच्या पंडितांना उत्तर येणार नाही असा प्रश्न विचार. नाहीतर बापलेक दोघं राज्याबाहेर!”

भागूने विचारलं, “कुत्रं बसण्याआधी गोल का फिरतं?”

“मागल्या जन्मी राहिलेली प्रदक्षिणा!” मुख्य पंडित विद्यानिधी डोळे मिटूनच म्हणाले.

“बरं, मुंगीला पाऊस आधी कसा कळतो?”

“ढगच तिला सांगतात!”

बाकीचे पंडित माना डोलवू लागले. उत्तर देणारे तेच, बरोबर म्हणणारेही तेच! इथे डोकं आपटून उपयोग नाही, हे भागूने ओळखलं. तिने हात जोडले.

“हरले, महाराज! ज्ञान पुरं झालं. आता तेवढी रीत पाळा.”

“कसली रीत?”

“आम्हा गवंड्यांची! कळस चढला की धनी शेला-नारळ देतो, आम्ही थापी गुंडाळून घरी जातो. दुसऱ्या दिवसापासून मजुरी बंद! पंडितांचंही काम संपलंच की. त्यांनाही आजच घरी धाडा!”

विद्यानिधींचे डोळे खाडकन उघडले. “महाराज, ग्रहणाचं गणित... जरा चुकतंय अजून!”

“हिवतापाचं मूळ कुठे सापडलंय?” दुसरे ओरडले.

“भरती का येते, यावर तर आमची रोज भांडणं!” तिसरे.

“आणि ते कुत्र्याचं,” विद्यानिधी चाचरत म्हणाले, “अंदाजानेच सांगितलं हो!”

“अरे लबाडांनो!” महाराजांना हसू आवरेना. “सोडा रे रखमाजीला! आणि भागू, आता तूच सांग, कळस चढवू तरी कधी?”

“पंडित आपल्या पायांनी नारळ मागायला येतील ना, त्या दिवशी!”

महाराज पोट धरधरून हसले आणि कळसासाठी काढलेलं सगळं सोनं त्यांनी भागूच्या ओटीत घातलं!