आजोबांचा फाटका आवाज

फार पूर्वी, रानांतून अजून पायवाटाही पडल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. दूर दक्षिणेकडच्या एका उष्ण रानात, जुन्या झाडाच्या ढोलीत, निळ्या पंखांच्या कुकाबुरांचं एक कुटुंब राहत होतं. कुकाबुरा म्हणजे आपल्या खंड्याचाच भाऊबंद. पण मासे सोडून सरडे आणि नाकतोडे खाणारा.

रोज पहाटे घरातले सगळे मिळून मोठ्यानं ओरडत. शेजारपाजारच्यांना कळायचं, हे झाड रिकामं नाही.

आजोबांचा आवाज मात्र पार फाटला होता. मध्येच अडकायचा, खोकल्यासारखा फुटायचा. एके दिवशी थोरला नातू म्हणाला, "आजोबा, तुमच्यामुळे सगळं गाणं बिघडतं. तुम्ही आपले गप्प बसत जा."

सूनबाई ढोलीत अंड्यांवर बसली होती. तिनं ऐकलं. लेकाला दटावावंसं वाटलं, पण उगीच तंटा नको म्हणून ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून आजोबा चोच मिटून फांदीच्या टोकाला बसू लागले.

ओढ्यापलीकडच्या कुकाबुरांनी कान टवकारले. "म्हातारा गेला वाटतं. बाई अंड्यांवर अडकलीय. झाड बळकावायची हीच वेळ!"

एका सकाळी ती टोळी थेट येऊन धडकली. सूनबाईचा नवरा आणि मुलं ओरडून ओरडून दमली, तरी टोळी हटेना. एक जण तर ढोलीच्या तोंडाशीच आला. सूनबाईनं त्याला चोचीनं मागे रेटलं आणि जिवाच्या आकांतानं हाक मारली, "मामंजी, माझं चुकलं! मी तेव्हाच बोलायला हवं होतं. ओरडा तुम्ही!"

"अगं, पण गाणं बिघडेल."

"बिघडू दे! घर तर राहील!"

आजोबांनी मान मागे टाकली. आवाज अडकला, फुटला आणि तसाच रानभर घुमला. मुलांनी त्यात आपला सूर मिसळला. ढोलीतून सूनबाईही ओरडली.

टोळीचा म्होरक्या दचकला. "अरे, म्हातारा जिवंत आहे की! अख्खं घर उभं राहिलंय. चला इथून." आणि सगळे ओढ्यापलीकडे पसार झाले.

थोरला मान खाली घालून आजोबांजवळ सरकला. "आजोबा, उद्यापासून सुरुवात तुम्हीच करायची."

"करीन की. पण आधी एखादा सरडा आण बाबा. ओरडून ओरडून भूक लागली."

पुढे अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. थोडी मोठी झाल्यावर तीही पहाटे ओरडू लागली, अगदी आजोबांसारखी, अडखळत. सूनबाई ते ऐकायची आणि सुखानं डोळे मिटायची.

घरातल्या एकाला गप्प केलं, की दुबळं होतं ते सगळं घर.