कळलावीला अक्षत न दिल्याची कहाणी

ऐका वनदेवी, तुमची कहाणी. आटपाट रान होतं, रानाच्या कडेला वाडी होती. वाडीत साळूबाई राहायची. तिच्या हाताला गुण होता. कुणाला खोकला झाला, अडुळसा आणी. कुणाला कापलं, दगडी पाला चोळी. पण आदल्या दिवशी झाडाच्या बुडाशी अक्षत ठेवी, कुणासाठी नेते ते सांगे, दुसऱ्या दिवशी पान राहीआई सुईणीला दाखवी, मगच तोडी. हा तिचा वसा होता.

गुण येत गेला, तशी बाई उतली, मातली. "मला काय कळत नाही?" म्हणू लागली. मग वसा टाकला.

साळूबाईची सून चिमा, पहिलटकरीण. लेकीसारखी जपलेली. दिवस भरले. सकाळी कळा सुरू झाल्या, दुपारी थांबल्या. चिमा कण्हू लागली, "आत्याबाई, मी काही वाचत नाही." साळूबाईच्या काळजाचं पाणी झालं. राहीआई म्हणाली, "धीर धर बाई, कळ आपल्या वेळेला येते." तिला कुठला धीर! कळलावीनं कळ लागते असं ऐकलेलं, कुदळ घेतली नि रानात पळाली.

वाटेत अडुळसा म्हणाला, "बाई बाई, अक्षत दिलीस का?" "उद्या देईन." मग निर्गुडी म्हणाली, "बाई बाई, पान दाखवलंस का?" "परवा दाखवीन." मग कळलावी भेटली. लाल-पिवळी फुलं, गौरीपुढं ठेवतो ना आपण, तीच. ती म्हणाली, "बाई बाई, नावावर जाऊ नकोस. माझ्या कंदात विष आहे. फूल ने, कंद मातीत राहू दे." साळूबाई म्हणाली, "माझी पोर तिकडं तळमळतेय, नि तू कसलं भारूड लावलंस!" कंद खणला, घरी आणला, पाट्यावर वाटला. लोक म्हणे लेप लावतात. हिनं म्हटलं, लेपानं गुण, तर पोटात घेतल्यानं दुप्पट गुण. हसू नका बायांनो, घाईत आपलीही अक्कल अशीच चालते.

वाटी चिमाच्या ओठाशी नेली. पण घरची रीत होती, औषध देणारीनं आधी चाखायचं. साळूबाईनं बोटभर चाटलं. जीभ बधिर झाली, घसा जळला. चिमा तोंड उघडते न उघडते, तोच वाटी अंगणात भिरकावली. "राहीआई, मी वसा टाकला ग!" म्हणून रडू लागली. राहीआईनं गाडी जुंपायला लावली, दोघींना वैद्याकडे नेलं. तिथं चिमाला मुलगी झाली. साळूबाई मात्र तीन दिवस ओकली, तीन दिवस पाणी पोटात ठरलं नाही, तीन दिवस शुद्ध नव्हती. देवाची दया, जगली.

बारशाला घरी आली, तोवर डोईचे सगळे केस गळले. पदर ओढून कोपऱ्यात बसली. पाळण्याजवळ जाईना. चिमा म्हणाली, "आत्याबाई, नातीला घ्या ना." "कोणत्या तोंडानं घेऊ? तुला विष पाजत होते मी." "पण आधी स्वतः चाखलंत ना!" असं म्हणून चिमानं पोर तिच्या मांडीवर ठेवली, पदर मागं सारला, तेलाची वाटी आणली. एक हात लेकीच्या टाळूवर, एक हात सासूच्या टाळूवर. साळूबाई हमसून हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी रानात गेली. कळलावीला अक्षत दिली, "चुकले, माये" म्हणाली. तिसऱ्या दिवशी पान राहीआईला दाखवलं, मगच फूल घेतलं, कंद मातीला ठेवला. पुन्हा वसा घेतला, तो जन्मभर सोडला नाही. मग काय झालं? नातीला जावळ आलं, त्याच महिन्यात आजीचे केस आले. दोघी एका पाटावर बसत, चिमा एकाच फणीनं विंचरी.

जशी वनदेवी त्यांना पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. साठां पानांची ही कहाणी पांचा पानांत सांगितली, इथं सुफळ झाली.