गूळतुला

एका राज्यात नवरीची गूळतुला करायची रीत होती. नवरी पारड्यात बसे आणि तिच्या भाराइतका गूळ राजा प्रजेला वाटी. भारी नवरी दिसली की गाव हरखे.

मग कृपणसेन गादीवर आला. गूळ देताना त्याचा हात थरथरे. त्याने दवंडी पिटवली, "तीन हंसांहून जड नवरी मंडपात येणार नाही." त्याच दिवशी वेशीबाहेरच्या गुहेत क्षयनाथ मांत्रिकाने ताजवा टांगला. तो सांगे, भार उतरवून मिळेल, पण मोल सोन्यात नाही.

गावातल्या कुंतलेची धाकटी बहीण रेवती हिचं लग्न ठरलं होतं; ती तीनदा तिथे गेली. पहिल्यांदा तिने जिभेची चव दिली, दुसऱ्यांदा झोप दिली, तिसऱ्यांदा हसू दिलं. दर वेळी लोक म्हणाले, "छान! पण अजून थोडी." आता ती इतकी हलकी झाली होती, की कुंतला तिला दोरीने खांबाला बांधून ठेवी.

छपरावरची साळुंकी म्हणाली, "आज पश्चिमेचा वारा सुटेल. दोरी राहील, मुलगी राहणार नाही. मांत्रिक एक नियम लपवतो, तो ऐक. काहीही न देता जो ताजव्यात बसेल, त्याच्या भाराइतकं घेतलेलं मांत्रिकाला परत द्यावं लागतं."

"मग आजवर कोणीच कसं बसलं नाही?"

"लाजेने."

कुंतला उठली. गावात तिच्याएवढी जाड बाई दुसरी नव्हती. तिचा राग पाहून वाटेतले काटे बाजूला सरले.

गुहेत मडक्यांची उतरंड होती. कुणाची चव, कुणाची झोप, कुणा आईची अंगाई, सारं त्यांत कोंडलेलं.

"या, गजगामिनी!" क्षयनाथ हसला. "तुझं काम मोठं, तरी स्वस्तात करीन. बहिणीचं नाव विसर."

"नाही."

"मग आवाज दे."

"नाही."

"निदान राग दे. त्याचंही ओझं असतंच."

"तो तर मुळीच नाही! बायांनी लेकरांची अंगाई तुझ्या मडक्यात ओतली, कशासाठी? एका कंजुषाचा गूळ वाचावा म्हणून!"

आणि ती धपकन पारड्यात बसली. पारडं भुईला टेकलं. मडकी एकेक करून समोरच्या पारड्यात जाऊन पडू लागली.

"ऊठ! लाज नाही वाटत?"

"कालपर्यंत वाटत होती."

शेवटचं मडकं पडलं, काटा मधोमध आला आणि सारी मडकी फुटली. क्षयनाथाला स्वतःचं वजन असं नव्हतंच. पश्चिमेचा वारा आला आणि त्यालाच घेऊन गेला.

रेवतीचे पाय भुईला लागले. लग्नाच्या दिवशी गावाने ताजवा राजवाड्यासमोर ओढत आणला. रेवती बसली. राजाने ढेपा टाकल्या.

"पुरे?" त्याने विचारलं.

"अजून घाला, महाराज," कुंतला म्हणाली.

राजाने पाहिलं, भोवती सारी प्रजा उभी होती. त्याने आणखी गूळ घातला. पारडी समान झाली, तशी त्याच्या हाताची थरथर थांबली.

रेवतीने एक खडा तोंडात टाकला.

"ताई," ती हसली, "गोड आहे गं!"